बिनफाळक्याची लॉरी

रस्त्यानं अजूनही एखादा पिकअपवाला मागचा फाळका खाली सोडून गाडी हाकताना दिसतो. चहाला थांबला की मी त्याला विचारतो, फाळका का सोडलास रे? तो सांगतो, "आजोबा, वारा अडत नाही. तेल कमी खाते." मी वाद घालत नाही. मला नुसती किळस येते. त्या पोराची नव्हे, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. त्या वाक्याची येते. ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, आणि ते खरं आहे असं चारचौघांत सिद्ध करून दाखवणारा माणूस मीच होतो.

लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि स्वराज्य अजून यायचं होतं. मी फौजेतून सुटून गावी परतलो होतो. गाव करंजीच्या घाटाखाली, तिसगावच्या बाजूला. नाव सांगत नाही, कारण त्या माणसांची नातवंडं अजून तिथं राहतात आणि ती बरी माणसं आहेत. आमच्या घरात आजोबांच्या वेळी बाप्तिस्मा झालेला. गावाबाहेर आमचं देऊळ, शाळा, मुलींचं बोर्डिंग आणि दोन खोल्यांचा दवाखाना होता. दवाखान्याला लष्करानं मोडीत काढलेली एक गाडी मिळाली होती. आम्ही तिला लॉरी म्हणायचो, पण होती ती आजच्या पिकअपएवढीच. पुढं दोन माणसांची जागा, मागं उघडा हौदा, आणि हौद्याला मागून बिजागरीवर पडणारा सागवानी फाळका. तो एवढा जड होता की एकट्याला उचलताना कमरेत चमक भरायची. त्या लॉरीचा ड्रायव्हर मी.

पेट्रोल कुपनावर मिळे. महिन्याच्या कुपनांत नगरच्या चार फेऱ्या सहज झाल्या असत्या, पण होत तीनच. चौथीचं पेट्रोल रविवारी जळायचं. देवळाच्या मंडळीचा कारभार पाच पंच पाहत, आणि त्यांतले थोरले पंच दर रविवारी उपासना आटोपली की आसपासच्या वाड्यांवर उपदेशाला निघत. सगळ्यांत जवळची वाडी तीन मैलांवर होती. तीन मैल माणूस बोलत बोलत चालत जातो. पण थोरल्या पंचांना लॉरी लागे.

थोरले पंच अंगानं भरलेले आणि आवाजानं फार गोड होते. तंबाखूची पिंक खिडकीतून टाकताना सुद्धा "देवाची कृपा" म्हणायचे, आणि वारा उलटा असला की ती कृपा माझ्या बाहीवर येई. वाडीवरची माणसं गरीब, पण रिकाम्या हातानं कुणी पाठवत नसे. कुणी वांगी देई, कुणी गूळ, कुणी पाय बांधलेली कोंबडी. संध्याकाळी हौद्यात पाच-सहा कोंबड्या फडफडत असायच्या. सोमवारी सकाळी मी हौदा धूत असे. कोंबड्यांची शीट उन्हात वाळली की फळ्यांच्या फटीत सिमेंटासारखी बसते, ती खिळ्यानं खरवडून काढावी लागते. फौजेत मी मेलेल्या उंटाशेजारी जेवलो आहे. पण ती सोमवारची खरवड मला कधी सोसली नाही, कारण मंगळवारी त्याच फळ्यांवर मास्तरांच्या पोरीची बाज ठेवायची असे.

मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवलं होतं. तेही पाच पंचांपैकी एक. त्यांची मुलगी नऊ वर्षांची, गुडघ्याचं हाड आतून कुजत चाललेलं. गुडघ्याच्या बाजूला भोक पडून त्यातून सारखा पू वाहायचा. नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर तोंडानं फटकळ होते, पण हात देवाचा. त्यांनी मास्तरांना माझ्यासमोर सांगितलं होतं, "इथं खाट रिकामी नाही. घरी ठेवा आणि दर आठ दिवसांनी आणा. मी आतून धुऊन नवं प्लास्टर घालीन. एक आठवडा चुकलात की मागचे तीन पाण्यात. पाय ठेवायचा असेल तर चुकायचं नाही." आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर खोकल्याचं औषध देण्यापलीकडचा नव्हता. सर्व्हिस मोटारवाले त्या वासाच्या पोरीला, त्यातही पाय प्लास्टरमध्ये ताठ, आत घेत नसत. बैलगाडीनं पंचवीस मैल आणि मध्ये घाट, म्हणजे हाडाची नुसती घुसळण. तेव्हा प्रश्न साधा होता. पायाला महिन्यात चार फेऱ्या हव्या होत्या आणि लॉरी तीन करत होती.

त्या पुवाचा वास फार वाईट होता. पण त्याची मला कधी किळस आली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पोरगी बाजेवर पडून आभाळाकडं पाहत शाळेतली गाणी गुणगुणायची, आई तिच्या उशाशी बसून बाजेचा खूर धरायची, आणि मी जमेल तितके खड्डे चुकवायचो. त्या फेऱ्या मला आवडायच्या.

पंचांची बैठक शाळेत भरली. मला पेट्रोलचा हिशेब विचारायला बोलावलं होतं, म्हणून मी दारात उभा होतो. चौथी फेरी कुठून काढायची, यावर तासभर बोलणं झालं. रविवारचं नाव कुणी काढलं नाही. पाचही जणांच्या मनात तेच होतं हे मला त्यांच्या खाकरण्यावरून कळत होतं. मास्तर तर खाली मान घालून खडू कुरतडत बसले होते. दुसऱ्या कुणाची पोर असती तर ते थोरल्या पंचांशी भांडले असते. पण पंच म्हणून बसायचं आणि आपल्याच पोरीसाठी मागायचं, याची आमच्या लोकांना मरणाची लाज. या लाजेला आम्ही सभ्यपणा म्हणतो. मला तिचा तेव्हाही राग होता.

मग थोरले पंच माझ्याकडं वळले. "तू वाळवंटात गाड्या हाकल्यास. तिकडं फाळके पाडून गाड्या पळवायचे, असं तूच पारावर सांगत हुतास ना?"

"व्हय."

"का पाडायचे?"

"वरनं इमान आलं की मागच्या लोकास्नी पटापट उड्या टाकता याव्यात म्हनून," मी म्हणालो.

सगळे हसले. थोरले पंचही हसले. मग म्हणाले, "ते तुमा शिपायांना सांगायचं कारन. सायबाच्या डोक्यात दुसरं असनार. अरे, सूप घिऊन वाऱ्याकडं तोंड करून उभा ऱ्हा, मग कळंल वारा किती ढकलतो. तुझा फाळका म्हंजी त्ये सूप. हौद्यात वारा शिरतो, फाळक्याला आडतो, गाडीला मागं वडतो. इंजनाला जादा जोर लागतो. जोर म्हंजी पेट्रोल. फाळका काढा, चवथी फेरी निघंल."

मी म्हणालो की आपली लॉरी त्या रस्त्यानं ताशी वीस मैलांवर कधी जात नाही, आणि एवढ्या वेगात वाऱ्याचं काय जाणार. त्यावर एक पंच, ज्यांनी जन्मात बैलांखेरीज काही हाकलं नव्हतं, म्हणाले की मागून मोकळ्या गाडीला बैल हलके चालतात, हा त्यांचा अनुभव आहे. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या माना मला आजही दिसतात. त्यांना वाऱ्याचं काही पडलेलं नव्हतं. रविवारचं नाव न काढता घरी जायची वाट सापडली होती, एवढंच.

ठराव झाला. एका मंगळवारी फाळका लावून नगरची फेरी करायची, पुढच्या मंगळवारी फाळका काढून. निघताना टाकी तोंडापर्यंत भरायची, आल्यावर पुन्हा भरायची आणि किती बाटल्या लागल्या ते मोजायचं. बिनफाळक्याच्या फेरीत वाचलं, तर पोरीची चौथी फेरी मंजूर. प्रार्थना करून बैठक उठली.

पहिल्या फेरीला थोरले पंच स्वतः माझ्या शेजारी बसले. पोरीच्या बाजेशेजारी त्यांनी आपल्या नगरच्या साडूसाठी ज्वारीची दोन पोती टाकली. मी म्हणालो, वजन वाढलं की पेट्रोल वाढणारच. ते म्हणाले, "पोत्याचं वजन वायलं आन् वाऱ्याचं वायलं." जाताना समोरून पश्चिमेचा वारा होता, घाट चढताना लॉरी दमून दोनदा थांबली. आल्यावर टाकीत भरपूर बाटल्या गेल्या. थोरले पंच समाधानानं म्हणाले, "बघ, फाळका कसा पितो."

दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी मी बिजागरीचे बोल्ट काढले आणि फाळका उतरवून भिंतीला टेकवला. साक्षीदार म्हणून या वेळी मास्तर येणार होते. रात्रभर मी विचार केला. मला ठाऊक होतं की फाळका असो वा नसो, पेट्रोल तेवढंच लागणार. ज्वारीची पोती नाहीत, म्हणजे थोडं कमी लागेल. पण तेवढ्यानं चौथी फेरी निघणार नव्हती. आणि ती निघाली नाही, तर पाय जाणार होता.

नगरला जाताना मी काही केलं नाही. येताना करंजी घाटाच्या माथ्यावर लॉरी थांबवली, गिअर काढला आणि स्विच बंद केला.

इंजिन गप्प झालं. ब्रेक सोडल्यावर लॉरी आपोआप उताराला लागली. इतका वेळ कानात भरलेली घरघर गेल्यामुळं सगळं ऐकू यायला लागलं. टायरखालची खडी, बाजेची करकर, मागं पोरीचं गुणगुणणं. मग तेही थांबलं.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काय न्हाई, मास्तर."

त्यांनी स्विचकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्यावरची नजर काढली नाही, कारण त्या ब्रेकवर माझा फार भरवसा नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी गळ्यातला मफलर नीट केला आणि खिडकीबाहेर पाहू लागले. घाट संपेपर्यंत ते तसेच बसले होते. पुढंही जिथं जिथं उतार लागला तिथं मी इंजिन बंद केलं, आणि प्रत्येक वेळी मास्तरांचा मफलर सैल झाला.

गावात लॉरी थांबली तेव्हा बाकीचे चारही पंच दवाखान्याच्या अंगणात उभे होते. थोरल्या पंचांनी स्वतः नरसाळं धरलं. मागच्या वेळेपेक्षा चक्क सहा बाटल्या कमी लागल्या. पंच एकमेकांकडं पाहू लागले.

"मास्तर, तुमी संगं हुता," थोरले पंच म्हणाले. "गाडी रोजच्यावानीच हाकली ना यानं?"

"हो," मास्तर म्हणाले. "रोजच्यासारखीच."

त्यांचे कान लाल झाले होते. याच माणसानं माझ्याकडून शाळेत दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या, आणि "खोटी साक्ष देऊ नको" इथं अडखळलो म्हणून छडी दिली होती. मला त्यांची लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तो आनंद रविवारपर्यंत टिकला. रविवारी पाळकसाहेब बाहेरगावी होते म्हणून उपदेश थोरल्या पंचांनी केला, आणि तो फाळक्यावर केला. माणसाच्या जिवाला गर्वाचा फाळका लागलेला असतो, म्हणाले, तो काढून टाका म्हणजे कृपेचा वारा आरपार जाईल आणि आयुष्य थोडक्यात भागेल. बायका डोळे पुसत होत्या. माझ्या लबाडीवर देवळात प्रवचन चाललं होतं, आणि माझ्या पुढच्या रांगेत मास्तर हातातलं गायनाचं पुस्तक उलटं धरून बसले होते.

बुधवारी पंचांची बैठक झाली. थोरले पंच म्हणाले, "देवानं पेट्रोल वाचिवलंय, तवा पयला वाटा देवाचा. रविवारच्या जोडीला आता बेस्तरवारी बी फेरी काढू. लांबच्या दोन वाड्यांवर अजून कुनी पोचलं न्हाई."

मी दारातूनच म्हणालो, "आन् पोरीची चवथी फेरी?"

"तीन हायेतच की. चवथीचं पुढल्या म्हैन्यात बघू. देवाचं काम आधी."

मी मास्तरांकडं पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग खिशातून खडू काढून तो कुरतडायला लागले.

वाचलेलं पेट्रोल कुठं होतं? कुठंच नव्हतं. ते माझ्या घाटातल्या लबाडीत होतं. त्यावर गुरुवारची फेरी उभी राहिली, आणि महिना संपायच्या आत कुपनं संपली. मी प्रत्येक उताराला इंजिन बंद करून पाहिलं. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं, तर लॉरी म्हाताऱ्यासारखी खोकायला लागली. एका रविवारी गाडी बिघडल्याचं सोंग केलं. थोरले पंच बैलगाडी जोडून वाडीवर गेले, भरपेट जेवले, आणि तीन कोंबड्या घेऊन हसतमुख परत आले. म्हणजे त्यांना जाता येत होतं. पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "गाडी अशी बिघडाया लागली तर डायवर बदलून बघावा लागंल." त्या महिन्यात पोरीच्या दोनच फेऱ्या झाल्या.

आणि एक गोष्ट. फाळका नसल्यामुळं पहिल्याच गुरुवारी एक कोंबडी मागच्या मागं रस्त्यावर पडली. थोरल्या पंचांनी गाडी थांबवून ती धरून आणायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी बुरुडाकडून बांबूची तट्टी विणून घेतली. उपदेशाच्या दिवशी ती हौद्याला मागून बांधायची, एरवी काढून ठेवायची, कारण तट्टीनंही वारा अडतो. पोरीची बाज मात्र मी सुंभानं बांधत होतो. घाट चढताना बाज मागं घसरू नये म्हणून तिची आई दोन्ही पाय फळीला रोवून बसायची. कोंबड्यांना तट्टी आणि लेकराला सुंभ. मी ते दर फेरीला पाहत होतो आणि दर फेरीला गाडी हाकत होतो.

शेवटी मी थोरल्या पंचांच्या घरी गेलो. ते ओट्यावर जेवत होते. मला म्हणाले, "बस." मी बाकावर बसलो, तर पोटऱ्यांना लोखंड टोचलं. खाली पाहिलं. तो माझा फाळका होता. विटांचे चार ढीग करून वर ठेवलेला, बिजागऱ्या तशाच लोंबत होत्या.

मी सगळं सांगितलं. घाटात इंजिन बंद केलं, उतारांना बंद केलं, पेट्रोल फाळक्यामुळं वाचलेलं नाही, ते वाचलेलंच नाही. ते नळीचं हाड चोखत होते. हाड तोंडातून काढून त्यांनी ताटाच्या कडेवर दोनदा आपटलं, आतला मगज निघाला का पाहिलं, आणि पुन्हा तोंडात घातलं.

"म्हंजी मास्तर खोटं बोलले म्हन की," ते म्हणाले.

मी खाली फाळक्याकडं पाहिलं.

"पंचांपुढं खोटी साक्ष देनारा मानूस लेकरांना कसा शिकविनार? त्यांना शाळा सोडावी लागंल. ऱ्हातं घर बी शाळेचंच. तूच सांग, समद्यांपुढं ह्ये काढायचं का?" आवाज तसाच गोड होता. "तू चांगला हायेस. तुला पोरीची दया येती, म्हनून तू असं कायबाय रचून सांगतोयस. मी मनावर घेत न्हाई."

त्या क्षणी मला कळलं की या माणसाला सगळं ठाऊक आहे. कदाचित नरसाळं हातात होतं तेव्हापासून. त्याला हाणावं असं वाटलं. पण मी फाळक्यावरून उठलो, नमस्कार केला आणि घरी आलो. मास्तरांकडं जाऊन म्हणता आलं असतं, चला, दोघं मिळून खरं सांगू. मी गेलो नाही. तेही आले नाहीत. त्यानंतर आम्ही दोघं समोरासमोर आलो की लॉरीच्या टायरांविषयी बोलायचो.

दोन आठवडे चुकल्यावर आम्ही पोरीला नगरला नेलं. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. आत काय होतं ते लिहीत नाही. मग त्यांनी चिमट्यानं पट्टीतून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "हे काय आहे?"

ते कोंबडीचं पीस होतं. पिवळट, पुवानं चिकटलेलं. मागून मोकळ्या हौद्यात धूळ मागच्या बाजूनं उलटी आत येते, आणि फटीत राहिलेलं सगळं उडवते. पू वाहून जावा म्हणून प्लास्टरला ठेवलेल्या भोकातून ते आत गेलं होतं. मी सोमवारी खिळ्यानं खरवडलं होतं. पण सगळं कधी निघत नसे.

"दोन आठवडे कुठं होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेट्रोल नव्हतं," मी म्हणालो.

"कोंबड्यांना होतं वाटतं," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

पाय मांडीत कापला.

कापणीच्या सणाला देऊळ भरलं होतं. पुढं कणसांच्या पेंढ्या, भोपळे, मक्याची टोपली. अर्पणं झाल्यावर थोरले पंच उभे राहिले. म्हणाले की देवाच्या राज्यात काही वाया जात नाही. ज्या फाळक्यानं आपल्याला काटकसर शिकवली, त्यानंच आता एका लेकराला चालायला शिकवावं, अशी त्यांना प्रेरणा झाली. मग त्यांनी कापडात गुंडाळलेल्या दोन कुबड्या काढल्या. सागवानी, सुताराकडून घासून घेतलेल्या, वर काखेला गादी. एका कुबडीच्या अंगावर बोल्टाचं भोक होतं, ते लाकडाचा तुकडा ठोकून बुजवलेलं दिसत होतं. त्यांनी त्या पोरीच्या हातात दिल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून लांब प्रार्थना केली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. माझे हात वाजत होते आणि तोंडात कडू पाणी जमत होतं. थुंकायला बाहेर जावं तर सगळ्यांच्या डोळ्यांत आलं असतं, म्हणून गिळलं.

पोरगी उठली. दोन पावलं डगमगली, मग सावरली. मधल्या वाटेनं ठक ठक करत मागं आली. लोक कौतुकानं वळून पाहत होते. मी दाराजवळ उभा होतो, तिथं येऊन ती थांबली. धाप लागली होती, पण चेहरा खुशीत होता. कुबडी मला दाखवत म्हणाली, "मामा, ही आपल्या लॉरीची हाय ना?"

"व्हय."

तिनं मला खाली वाकायची खूण केली. मी वाकलो. मोठ्या माणसाला गुपित सांगावं तशी ती माझ्या कानाशी बोलली.

"तुमी घाटात इंजन बंद केलं हुतं, ते मी ऐकलं हुतं. बाबा पन तुमच्याजवळच हुते. मी कुनालाच न्हाई सांगितलं."

ती माझ्या तोंडाकडं पाहत उभी राहिली. मी काहीतरी म्हणावं म्हणून वाट पाहत होती. मास्तर पुढच्या रांगेतून मान वळवून आमच्याकडं बघत होते.

मी तिला "शाबास" म्हणालो.